सुलतानिया : कुरणावर उभी राहिलेली इल्खानी राजधानी

माळरान (धागाकर्ता)

इराणच्या वायव्येस, कझवीनहून झंजानकडे जाताना, समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर एक मोठे गवताळ पठार लागते. त्यावर आज एक लहानसे गाव आहे, आणि त्या गावाच्या मानाने भलताच मोठा असा निळ्या घुमटाचा अष्टकोनी मकबरा आहे. कित्येक मैलांवरून तो आधी दिसतो आणि गाव फार उशिरा दिसते. हे सुलतानिया. चौदाव्या शतकाच्या आरंभी इराण, इराक, अझरबैजान आणि अनातोलियाचा बराच भाग ज्यांच्या ताब्यात होता, त्या इल्खानी मंगोल राजांची ही राजधानी. इस्फहानविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, तब्रीझविषयीही थोडेफार वाचायला मिळते; सुलतानियाचा उल्लेख मात्र एखाद्या ओळीपुरता येतो, म्हणून हा धागा.

हे शहर का संपले, याचे नेहमीचे उत्तर तैमूरच्या मुलाने केलेल्या पाडापाडीच्या माथी मारले जाते. ते मला अपुरे वाटते. माझ्या मते सुलतानियाच्या उतरणीचे कारण तिच्या जन्मातच शोधावे लागते, कारण ते शहर मुळात एका फिरत्या दरबाराचा उन्हाळी मुक्काम होते.

इल्खानी घराण्याचा संस्थापक हुलागू याने १२५८ मध्ये बगदाद घेतल्यावर इल्खानांचे केंद्र आधी मराघा आणि मग त्याचा मुलगा अबाका याच्या काळात तब्रीझ येथे होते. पण येथे 'राजधानी' हा शब्द जरा जपूनच वापरावा लागतो. खजिना, टांकसाळ आणि दफ्तर शहरात असले तरी राजा स्वतः आपल्या ओर्दूसह, म्हणजे तंबूंच्या छावणीसह, वर्षभर फिरत असे. (आपण ज्या भाषेला उर्दू म्हणतो तिचे नाव याच शब्दावरून आले आहे.) हिवाळा बगदादकडे किंवा अर्रान-मुघानच्या सखल प्रदेशात आणि उन्हाळा थंड पठारांवर, असा हा क्रम घोड्यांच्या चाऱ्यावर बेतलेला होता. कोंगूर-ओलांग हे अशाच एका उन्हाळी मुक्कामाचे नाव. त्यातला 'ओलांग' म्हणजे कुरण. अर्घुन खानाने (कारकीर्द १२८४ ते १२९१) तेथे शहराचा पाया घातला, परंतु ते पुरे होण्याआधीच तो मरण पावला.

या घराण्याच्या थडग्यांचा क्रम मला फार बोलका वाटतो. अर्घुनला जुन्या मंगोल रीतीप्रमाणे सुजासच्या डोंगरात गुप्तपणे पुरले, आणि ती जागा कोणाला कळू नये अशी व्यवस्था केली. त्याचा थोरला मुलगा गाझान १२९५ मध्ये मुसलमान झाला आणि त्याने तब्रीझच्या बाहेर स्वतःसाठी उघडपणे मकबरा बांधला. धाकटा मुलगा ओल्जायतू १३०४ मध्ये गादीवर आला आणि त्याने बापाच्या कुरणावर असा मकबरा उठवला की तो लपवायचा म्हटले तरी लपणे शक्य नव्हते. बापाचे थडगे कोणाला सापडू नये आणि मुलाचे थडगे कोणाच्या नजरेतून सुटू नये, इतका बदल एका पिढीत झाला.

ओल्जायतू हा माणूसही विलक्षण होता. त्याची आई केराईत टोळीतली ख्रिस्ती होती आणि लहानपणी त्याचा बाप्तिस्मा होऊन त्याला निकोलस हे नाव मिळाले होते. पुढे तो बौद्ध झाला, मग सुन्नी मुसलमान झाला, आणि १३०९-१० च्या सुमारास त्याने शिया पंथ स्वीकारला. फ्रान्सच्या चौथ्या फिलिपला त्याने १३०५ मध्ये लिहिलेले पत्र आजही पॅरिसमध्ये आहे. त्याच सुमारास सुलतानियाचे काम जोरात सुरू झाले आणि १३१३ च्या आसपास शहर राजधानी म्हणून उभे राहिले. तेथे कारागीर व व्यापारी आणून वसवले गेले, आणि दरबारातल्या बड्या लोकांनी आपापल्या खर्चाने मोहल्ले उठवावेत अशी अपेक्षा होती. वजीर रशीदुद्दीन फझलुल्लाह याने मशीद, मदरसा आणि दवाखान्यासह एक हजार घरांचा मोहल्ला बांधल्याची नोंद आहे. हा तोच रशीदुद्दीन, ज्याच्या 'जामी अत-तवारीख' या जगाच्या इतिहासात हिंदुस्थानावर आणि बुद्धचरित्रावर स्वतंत्र भाग आहे.

कझवीनचा हम्दुल्लाह मुस्तौफी १३४० च्या सुमारास लिहितो की अर्घुनने आखलेल्या तटाचा घेर बारा हजार पावले होता आणि ओल्जायतूने तो तीस हजार पावलांचा करायला घेतला होता, पण त्याच्या मृत्यूमुळे तो अपुरा राहिला. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुस्तौफीने दिलेले राज्यातले सारे मोठे रस्ते सुलतानियापासून मोजलेले आहेत. पूर्वेचा खुरासानकडे, दक्षिणेचा हिंदी महासागराच्या किनाऱ्याकडे, पश्चिमेचा बगदादकडे, वायव्येचा अनातोलियाकडे, असे सगळे अंतर एका कुरणापासून धरायचे, हा निर्णय कागदावर फार देखणा दिसतो.

डिसेंबर १३१६ मध्ये ओल्जायतू सुलतानियातच वारला. मुलगा अबू सईद याचे राज्यारोहण तेथेच झाले. पण ज्यांच्या पैशावर शहर उभे होते त्यांची घडी लगेच विस्कटली. ओल्जायतूला विष दिल्याच्या आरोपावरून रशीदुद्दीनला १३१८ मध्ये ठार मारण्यात आले. त्याचा प्रतिस्पर्धी ताजुद्दीन अलीशाह १३२४ मध्ये अंथरुणावर मेला, आणि इल्खानांच्या वजिरांत असे मरण आलेला तो एकटाच म्हणून त्याची गणना होते! १३३५ मध्ये अबू सईद मुलाविना वारला, त्यानंतर चोबानी आणि जलायरी सरदारांच्या ओढाताणीत इल्खानी राज्यच उरले नाही. राजधानी मात्र जागेवर होती. तिचे पुढे काय झाले, ते प्रतिसादांच्या ओघात लिहीन.

कोरडा_ओढा

लेख आवडला. एक मूलभूत शंका आहे. एवढ्या मोठ्या शहराला पाणी कोठून मिळत असे? आपण नदीचा उल्लेख कोठेही केलेला नाही. आपल्याकडे दौलताबादची गोष्ट अशीच सांगतात, की सुलतानाच्या लहरीखातर माणसे हलवली गेली आणि पाण्यावाचून बेत फसला. महंमद तुघलकाचे ते स्थलांतर १३२७ चे, म्हणजे सुलतानियानंतर पंधरा वर्षांच्या आतले. दोन्ही शहरे एकाच 'सुलतानी'ची बळी होती, असे म्हणता येईल का?

माळरान

मोठी नदी नाही, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. शहराचे पाणी विहिरींचे आणि कनातींचे, म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून उताराने आणलेल्या बोगद्यांचे होते. औरंगाबादची मलिक अंबरने केलेली नहर ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही पद्धत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. कुरण हिरवे राहते याचाच अर्थ पाणी फार खोल नाही, त्यामुळे तहानेने शहर ओस पडले असे काही झालेले नाही. अडचण वेगळी होती. कनाती गाळाने भरतात, त्या दरवर्षी माणसे उतरवून साफ कराव्या लागतात, आणि हा खर्च करणारा कोणीतरी सतत जागेवर असावा लागतो.

दौलताबादची तुलना मात्र मला पटत नाही. देवगिरी ही तुघलक येण्याआधी यादवांची राजधानी होती. तेथे अभेद्य किल्ला होता, बाजारपेठ होती, आणि किनाऱ्याकडे उतरणाऱ्या वाटा होत्या. म्हणूनच सुलतान परत गेल्यावरही ते ठाणे मेले नाही. १३४७ मध्ये बहमनी राज्याची स्थापना तेथेच झाली. सुलतानियात ओल्जायतूच्या आधी फक्त गवत आणि बापाचा अर्धवट पाया होता.

बांधकामी

मी स्थापत्यशास्त्राचा विद्यार्थी आहे, त्यामुळे मकबऱ्याविषयी चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. घुमटाचा व्यास सुमारे २५ मीटर आणि जमिनीपासूनची उंची सुमारे ५० मीटर आहे. विजापूरचा गोल घुमट (१६५६) आतून सुमारे ३८ मीटर रुंद आहे, म्हणजे निव्वळ व्यासाच्या हिशेबात सुलतानिया लहान ठरते. पण ती त्याच्या साडेतीनशे वर्षे आधीची आहे आणि तिची रचना अधिक हुशारीची आहे. विजापूरचा घुमट एकाच जाड कवचाचा आहे, तर सुलतानियात विटांची दोन कवचे असून त्यांच्यामधली पोकळी विटांच्याच फासळ्यांनी सांधलेली आहे. त्यामुळे वजन घटते आणि ताठरपणा टिकतो. घुमटाच्या पायाभोवती आठ मिनार होते. त्यांची आता बहुतेक खुंटेच उरली आहेत. आठ मिनारांचे ते वजन घुमटाचा बाहेरचा रेटा थोपवायलाही उपयोगी पडत असावे, असे माझे मत आहे.

युनेस्कोने २००५ मध्ये या स्थळाला जागतिक वारशात घेतले, तेव्हा इराणमधील दुहेरी कवचाच्या घुमटाचे सर्वांत जुने टिकलेले उदाहरण, असे त्याचे वर्णन केले. यावर मतभेद आहेत. कझवीनच्या दक्षिणेकडील खराकानचे दोन थडगे-मनोरे अकराव्या शतकातले आहेत, त्यांतला जुना १०६७ चा, आणि त्यांचे घुमटही दुहेरी कवचाचेच म्हणून सांगितले जातात. तेव्हा 'सर्वांत जुने'पेक्षा 'एवढ्या आकाराचे पहिले' म्हणणे सुरक्षित वाटते. १९७० च्या आसपास जीर्णोद्धाराच्या कामात असलेले फ्लोरेन्सचे प्राध्यापक पिएरो सानपाओलेसी यांनी तर फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट (१४२० ते १४३६) सुलतानियावरून सुचला असावा, असे मांडले होते. दोन्ही अष्टकोनी आणि दोन्ही दुहेरी कवचाचे आहेत, हे खरे. पण त्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही.

आतल्या सजावटीचा एक तपशील येथे सांगितलाच पाहिजे. भिंती आधी विटा आणि चकचकीत फरशांनी मढवल्या होत्या, आणि काम पुरे होते न होते तोच ती सगळी सजावट गिलाव्याखाली झाकून त्यावर नव्याने रंगकाम केले गेले. नजफ आणि करबल्याहून हजरत अली आणि इमाम हुसेन यांचे अवशेष येथे आणायचे होते, तो बेत बारगळला म्हणून सजावट बदलली, अशी आख्यायिका आहे. बहुतेक अभ्यासक तिला मान देत नाहीत. बाहेरच्या सज्जाच्या छताला मात्र लाल, पांढऱ्या आणि पिवळसर रंगांत जे भौमितिक नक्षीकाम आहे, ते पाहताना त्या काळातल्या कुराणाच्या हस्तलिखितांची पहिली पाने डोळ्यांसमोर येतात, आणि ते आख्यायिकेपेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

खाडीकाठ

धागा वाचताना मला ठाणे आठवले, आणि यात ओढूनताणून काही आणलेले नाही. ओल्जायतूच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १३१८ मध्ये, पोप बाविसावा जॉन याने सुलतानियाला आर्चबिशपचे पीठ स्थापन केले आणि पेरुजियाच्या फ्रान्सिस या डॉमिनिकन साधूला तेथे नेमले. पोपच्या दृष्टीने इराण, मध्य आशिया आणि हिंदुस्थान हे सगळे त्या पीठाच्या कक्षेत येत होते.

तब्रीझहून निघून होर्मुझमार्गे क्विलोनला (केरळातले कोल्लम) जाऊ पाहणारे चार फ्रान्सिस्कन साधू आणि त्यांच्याबरोबरचा जॉर्डानस हा डॉमिनिकन, हे १३२१ मध्ये ठाण्याच्या बंदरात उतरले. जॉर्डानस भडोचकडे गेलेला असताना काझीपुढे धर्माविषयी वाद होऊन ते चौघे एप्रिलमध्ये मारले गेले. जॉर्डानसने परत येऊन त्यांचे मृतदेह सोपाऱ्यात पुरले. थोड्याच काळाने ओडोरिक हा आणखी एक फ्रान्सिस्कन ठाण्यात आला, त्याने ती हाडे उकरली आणि बरोबर घेऊन थेट चीनच्या बंदरापर्यंत नेली. हा ओडोरिक ठाण्याला येण्याआधी सुलतानियाहून गेलेला होता. पुढे १३२९ मध्ये जॉर्डानसला क्विलोनचा बिशप नेमले गेले, आणि ते पद सुलतानियाच्या आर्चबिशपच्या हाताखालचे होते. म्हणजे काही वर्षे का होईना, केरळच्या किनाऱ्यावरचा एक बिशप कागदोपत्री इराणच्या कुरणाला बांधलेला होता.

माळरान यांच्या मुद्द्याला पूरक अशी एक गोष्ट ओडोरिकच्या वृत्तान्तात आहे. त्याने सुलतानियाचे वर्णन केले आहे ते पर्शियाचा बादशाह उन्हाळ्यात जेथे राहतो ते शहर, असे.

माळरान

खाडीकाठ यांचे मनापासून आभार. माझ्या टिपणांत ओडोरिक होता, पण ठाण्याचा धागा मी जोडला नव्हता. उन्हाळ्याविषयीचे त्याचे वाक्य म्हणजे माझ्या सगळ्या लेखाचा कणा आहे. दरबार नसताना त्या उंचीवरचा हिवाळा कोण सोसणार?

लेणीप्रेमी

धर्माचा विषय निघालाच आहे तर एक भर घालतो. सुलतानियाच्या आग्नेयेस वियार नावाचे गाव आहे आणि त्याजवळ 'दाश कसन' नावाची, डोंगर कापून केलेली इल्खानी काळातली जागा आहे. तेथे दोन समोरासमोरच्या खडकांवर चिनी वळणाचे दोन अजस्र नाग किंवा ड्रॅगन कोरलेले आहेत. अर्घुन बौद्ध धर्माचा मोठा आश्रयदाता होता, त्यामुळे काही अभ्यासक त्या जागेला बौद्ध विहार मानतात आणि वियार हे नावही 'विहार'वरूनच आले असावे असे म्हणतात. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या डोळ्यांना ते काम साधेच वाटेल. तरीही इराणच्या पठारावर विहार, चर्च आणि शिया सुलतानाचा मकबरा हे एका दिवसाच्या रपेटीत येतात, ही गोष्ट साधी नाही.

कोरडा_ओढा

दौलताबादविषयीचे आपले उत्तर मान्य आहे. पण दरबार यायचा थांबला म्हणून शहर संपले, हा सिद्धान्त मला अजूनही अडतो. अबू सईद १३३५ मध्ये वारला. मग सुलतानिया पुढे सत्तर वर्षे कशाच्या जोरावर चालली? युरोपातून आलेला वकील क्लाव्हिहो १४०४ मध्ये तेथे गेला तेव्हा त्याला भरलेला बाजार दिसला, असे मी वाचले आहे.

माळरान

ही हरकत रास्त आहे, आणि तिच्यामुळे मला माझे विधान थोडे दुरुस्त करावे लागेल.

तैमूरने १३८४-८५ च्या हिवाळ्यात सुलतानिया घेतली आणि पुढे हुलागूचे जुने राज्य म्हणून हा सारा मुलूख आपला मुलगा मिरान शाह याला दिला. स्पेनमधल्या कॅस्टिलच्या राजाचा वकील क्लाव्हिहो समरकंदला जाताना १४०४ च्या जूनअखेरीस येथे पोहोचला. शहराला तट नाही पण दगडी किल्ला आहे, तब्रीझ आकाराने मोठे असले तरी व्यापार येथे जास्त चालतो, असे तो सांगतो. जून ते ऑगस्ट या काळात तेथे काफिले येत. होर्मुझहून साठ दिवसांच्या वाटेने मोती आणि हिंदुस्थानाकडून आलेली लवंग, जायफळ, दालचिनी येत असे, आणि सीरियाच्या बाजारात न मिळणारे उत्तम प्रतीचे मसाले येथे मिळत. (यांतली लवंग आणि जायफळ मूळची मोलुक्का बेटांतली, ती हिंदी बंदरांतून पुढे जात.) गिलानचे रेशीम घ्यायला जेनोवा आणि व्हेनिसचे व्यापारी येथपर्यंत येत.

म्हणजे राजाने आखलेले रस्ते राजा गेल्यावरही काही काळ चालू राहिले, एवढे मी कबूल करतो. परंतु महिने पाहा. जून ते ऑगस्ट! बाजारही दरबारासारखाच उन्हाळी होता. अशा बाजाराला स्वतःची मुळे नसतात, तो दोन टोकांच्या मधला मुक्काम असतो. दक्षिणेचे होर्मुझ आणि वायव्येचे तब्रीझ यांना जोडणारी वाट दुसरीकडून गेली की मधले ठिकाण वगळले जाते. सोळाव्या शतकात इराणच्या सफवी राजांनी राजधानी आधी कझवीनला आणि १५९८ मध्ये इस्फहानला नेली, तेव्हा सुलतानियाला वगळले गेले ते कायमचेच.

मिरान शाहविषयीही लिहितो. घोड्यावरून पडल्यावर त्याच्या डोक्यावर परिणाम झाला, आणि त्याने तब्रीझ आणि सुलतानिया येथील इमारती पाडायला सुरुवात केली, असे सांगतात. क्लाव्हिहोने ऐकलेली हकिगत अशी की आपल्या हातून मोठे काही बांधून होणार नाही, तेव्हा मोठे ते पाडून तरी नाव राहावे, अशी त्याची इच्छा होती. त्याने रशीदुद्दीनची हाडेही थडग्यातून काढून यहुद्यांच्या दफनभूमीत टाकली, कारण तो वजीर जन्माने यहुदी होता. हे सगळे क्रूर आहे. पण एवढे झाल्यावरही त्यानंतर चारपाच वर्षांनी बाजार भरतच होता, हे आपणच दाखवून दिले आहे. मग पाडापाडीने शहर मेले असे कसे म्हणावे?

बांधकामी

एक छोटीशी पुस्ती जोडतो. ऑटोमन सुलतान सुलेमानच्या १५३४ च्या स्वारीबरोबर असलेल्या मत्राकची नसूह याने सुलतानियाचे चित्र काढले आहे, आणि त्यात मकबऱ्याखेरीज इतर मोठ्या इमारतीही दिसतात. एवढे सगळे नंतर गेले कोठे, हा प्रश्न राहतोच.

माळरान

बरेचसे उत्तर शहराच्या मूळ स्वभावातच आहे. घरे कच्च्या विटांची होती, आणि राहणारे गेले की अशी घरे आठदहा पावसाळ्या-हिवाळ्यांत मातीला मिळतात. उरले ते किल्ल्याचे घडीव दगड आणि भाजलेल्या विटा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काजार राजा फत्ह अली शाह याला हेच कुरण उन्हाळी छावणीसाठी आणि फौज गोळा करण्यासाठी आवडले, आणि त्याने तेथे स्वतःचा महाल बांधला तेव्हा जुन्या शहराचे सामान हाताशी तयार होते. महालही आता नाही. त्याच्या कारकिर्दीत मात्र उन्हाळा आला की तंबू, घोडे आणि फौज घेऊन राजा पुन्हा कोंगूर-ओलांगच्या गवतावर उतरत असे, आणि थंडी पडू लागली की सगळे उठून तेहरानला परत जात.